अवसार : नोंद, तपासणी आणि कायदा

सावंतवाडी परिसरातील ग्रामदेवतांच्या उत्सवांत मानकऱ्याच्या अंगात ‘अवसार’ येतो व गावकरी त्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडून उत्तर मागतात. माणसाच्या मुखातून देव बोलतो, ही येथील श्रद्धा. मृतात्मे माध्यमामार्फत बोलतात, अशाच स्वरूपाच्या पाश्चात्त्य दाव्याच्या तपासणीसाठी १८८२ मध्ये लंडनला ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ स्थापन झाली. कोकणात मात्र आधी संकलन झाले. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी शाळाशिक्षकांकरवी लोकसमजुती गोळा केल्या. १९०९ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर त्या सामग्रीतून आर. ई. एन्थोवेन यांनी १९१५ मध्ये ‘फोकलोअर ऑफ द कोंकण’ सिद्ध केले. त्यात भूत, भगत, अंगात येणे यांची वर्णने आहेत; सत्यासत्यतेची परीक्षा नाही.

ते काम पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने हाती घेतले. या चळवळीचे अग्रणी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार, अंगात दैवी शक्ती संचारल्याचे भासवून इतरांना भीती घालणे वा धमकावणे हा गुन्हा आहे. अवसार खरा की खोटा, याचा निवाडा हा कायदा करीत नाही. त्याच्या आडून होणारा छळ मात्र दंडनीय ठरवतो.