महामांसविक्रय आणि नायक : ‘मालतीमाधवा’च्या पाचव्या अंकाची ऐतिहासिक साक्ष

निषिद्ध विद्येच्या आहारी गेलेला नायक म्हटला की आपल्याला प्रथम युरोपातील फाउस्ट आठवतो. परंतु प्रेयसीच्या प्राप्तीसाठी अपरात्री स्मशानात उभा राहून पिशाचांना नरमांस विकू पाहणारा नायक आठव्या शतकात विदर्भातील एका श्रोत्रिय कुळातल्या नाटककाराने रंगभूमीवर आणला होता, याचा आपल्याला बहुधा विसर पडलेला असतो. भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ या दहा अंकी प्रकरणाचा हा नायक माधव. प्रस्तुत लेखात त्याच्या या कृतीचा विचार काव्यगुणांच्या अंगाने न करता इतिहासाचे साधन म्हणून करावयाचा आहे.

माधव हा कुंडिनपुराच्या अमात्याचा, देवराताचा, पुत्र. आन्वीक्षिकीच्या, म्हणजे तर्कविद्येच्या, अध्ययनासाठी त्याला पद्मावती नगरीत धाडलेले आहे. (ही पद्मावती म्हणजे ग्वाल्हेरजवळचे पवाया, असे आता सामान्यतः मानले जाते.) तेथील अमात्य भूरिवसू याची कन्या मालती आणि माधव यांचा विवाह व्हावा, अशी दोघांच्या पित्यांची जुनी इच्छा आहे; बौद्ध परिव्राजिका कामंदकी त्यासाठी खटपट करते आहे. परंतु राजाला मालती आपल्या मर्जीतील नंदनाला द्यावयाची आहे. हे कळताच चौथ्या अंकाच्या अखेरीस माधवाचा धीर खचतो आणि महामांसविक्रयावाचून आपल्याला अन्य उपाय उरलेला नाही, असे तो ठरवितो. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा मार्ग धरावा, यातील विरोध कवीला जाणवला नसेल, असे म्हणवत नाही.

पाचव्या अंकात जे घडते ते सर्वपरिचित आहे. कराला देवीच्या मंदिरात अघोरघंट हा कापालिक आपल्या सिद्धीसाठी मालतीचा बळी देण्याच्या तयारीत असतो. तिचा आक्रोश ऐकून माधव धावतो आणि अघोरघंटाचा वध करतो. या प्रसंगाच्या आधारे कापालिकांच्या आचारांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लेखनात माधव मात्र केवळ सुटका करणारा वीर म्हणून येतो. तो मुळात त्या स्मशानात कशासाठी आला होता, याकडे दुर्लक्ष होते. काव्यशास्त्राच्या परंपरेनेही काही वेगळे केले नाही. पिशाच प्रेताची कातडी सोलून मांस खात असल्याचे याच अंकातील वर्णन मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त बीभत्स रसाचे उदाहरण म्हणून घेतले. बीभत्स तेवढा उरला. ते दृश्य पाहणाऱ्या माणसाच्या हातात त्या वेळी काय होते, हा प्रश्न मागे पडला. वर्गात हा अंक समजावून सांगताना ‘सर, त्या मांसाचे पुढे काय झाले?’ असे एका विद्यार्थ्याने विचारले तेव्हा प्रस्तुत लेखकाजवळ उत्तर नव्हते.

संहितेत त्याचे उत्तर अर्धेच मिळते. माधव मोठ्याने आपला माल पुकारतो. पण पिशाचेच भित्री निघतात आणि व्यवहार पुरा होत नाही. तेवढ्यात मालतीचा आक्रोश ऐकू येतो. नायकाला पापाच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन कवीने तेथून वळविले, असे म्हणता येईल. पण म्हणून पुढे कोणी त्याला जाब विचारीत नाही. प्रायश्चित्ताचा विषय निघत नाही. शेवटी राजाच्या संमतीने विवाह मान्य होतो. माधवाच्या वाट्याला जे भोग येतात ते मांसविक्रयामुळे नव्हे, तर अघोरघंटाच्या वधामुळे, त्याच्या शिष्येने घेतलेल्या सूडातून येतात.

ही शिष्या कपालकुंडला. पाचव्या अंकाच्या आरंभी ती आकाशमार्गाने येते, खाली माधवाला पाहते, हा कामंदकीच्या स्नेह्याचा पुत्र असून महामांस विकावयास आला आहे हे ओळखते आणि आपल्या कामाला निघून जाते. तिला नवल वाटते ते असलेच तर ‘हा येथे का?’ एवढ्यापुरतेच. प्रस्तुत लेखकाच्या मते इतिहासाच्या दृष्टीने साऱ्या अंकात हेच स्थळ महत्त्वाचे आहे. महामांसविक्रय हा कापालिकांपुरताच आचार असता, तर अमात्यपुत्राच्या हातात ते मांस पाहून प्रेक्षकांना कथानकच अविश्वसनीय वाटले असते. बाणाच्या ‘हर्षचरिता’तही प्रभाकरवर्धन मरणोन्मुख असताना राजपुत्र उघडपणे महामांस विकत असल्याचा उल्लेख येतो. तेही कापालिक नव्हेत. एकाला पितृतुल्य राजाचे प्राण हवे आहेत, दुसऱ्याला प्रेयसी. निरुपाय दोघांचा सारखाच. पुढे अकराव्या शतकात सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त अशोकदत्त हाच मार्ग धरतो आणि त्याला तर त्यातून लाभच होतो. एवढ्यावरून प्रथा सार्वत्रिक होती असे अनुमान काढणे अर्थातच धाडसाचे ठरेल. काव्य आणि कथा ही शेवटी काव्य आणि कथाच. मात्र संकटात सापडलेला उच्चकुलीन गृहस्थ तिकडे वळू शकतो, ही कल्पना श्रोत्यांना अपरिचित नव्हती, एवढे निश्चित.

कापालिकही आपण समजतो तितके समाजाबाहेरचे नव्हते. इगतपुरीजवळ सापडलेला चालुक्य नागवर्धनाच्या नावाचा ताम्रपट कपालेश्वराच्या पूजेसाठी आणि तेथील महाव्रतींसाठी ग्रामदान दिल्याचे सांगतो. राजाश्रयाचा हा उल्लेख भवभूतीच्या दक्षिणापथातलाच आहे.

‘शुद्ध’ प्रेम आणि ‘अशुद्ध’ विद्या अशी सरळ विभागणी भवभूतीने केली आहे, असे मानणाऱ्यांनी सौदामिनीचे पात्र पुन्हा वाचावे. कपालकुंडला मालतीला पळवून नेते तेव्हा तिला वाचविणारी हीच. ती कामंदकीची पूर्वीची शिष्या. मंत्रसिद्धी मिळवून ती श्रीपर्वतावर कापालिकव्रत आचरते आहे, हे पहिल्याच अंकात सांगून ठेवलेले आहे. श्रीपर्वत म्हणजे आंध्रातील श्रीशैल. कपालकुंडलाही तेथूनच येते.