पाण्याच्या घरावरची बाग

एप्रिलमध्ये आत्याला मुंबई दाखवून आणली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. खोडाळ्यापासून थोडं आत, डोंगराच्या माथ्यावरच्या पाड्यावर राहते. वय सत्तरीच्या पुढे. कसारा स्टेशन तिने पाहिलं होतं, कल्याणला एकदा दवाखान्यात गेली होती, पण त्यापुढे नाही. "मरायच्या आधी राणीचा बाग दाखव," असं ती गेली दहा वर्षं मला म्हणत होती, आणि मी दहा वर्षं "पुढच्या सुट्टीत" म्हणत होतो. या वेळी माझी मुलगीच हट्टाला पेटली, म्हणून योग आला.

पहाटे जीपने निघालो. खोडाळ्याहून विहीगावमार्गे कसाऱ्याला येताना खोल दरीतली वैतरणा ओलांडावी लागते. आत्याने पुलावरून नदीला हात जोडले आणि मग कसाऱ्यापर्यंत झोपली. ही वैतरणा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

भायखळ्याला उतरलो. राणीची बाग, म्हणजे आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, सुरू झालं १८६२ साली. आधी ही बाग शिवडीला होती. तिथली जागा गेल्यावर ती भायखळ्याला आली. नाव व्हिक्टोरिया राणीचं होतं, म्हणून राणीची बाग. गंमत म्हणजे प्राणी नंतर आले, १८९० च्या सुमाराला. मूळ हौस झाडांची होती, आणि माझ्या मते आजही तिथलं खरं बघण्यासारखं काय असेल तर झाडंच. दोनशेहून जास्त जातींची झाडं आहेत, त्यातली काही बागेइतकीच जुनी असतील. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच तर अशी की खोडाला मिठी मारायला चार माणसं लागावीत. आत्या प्राण्यांपुढे फार रेंगाळली नाही. पेंग्विन बघून (२०१६ साली सोलहून आणलेले, २०१७ पासून लोकांना बघायला खुले) "यांना थंडी लागत नाय व्हय?" एवढं विचारलं आणि पुढे निघाली. पण झाडांपाशी मात्र थांबायची. फुललेला बहावा दिसला तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यासारखी हसली.

बागेत पुतळेही आहेत. काळ्या घोड्यावरचे सातवे एडवर्ड १९६५ साली फोर्टातून उचलून इथे आणून ठेवले. मागे ठेवलेल्या चौकाचं नाव आजही काळा घोडाच. इंग्रजांनी उभारलेले राजे-राण्या रिटायर होऊन एका बागेत बसलेत असं वाटतं. आणि शेजारी तो घारापुरीचा दगडी हत्ती. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा नाव दिलं तो हाच. त्याचे तुकडे १८६४ साली मुंबईत आणले आणि १९१४ साली जोडून उभा केला. मुलीला तो खऱ्या हत्तीपेक्षा जास्त आवडला, का ते विचारू नका.

हत्तीच्या बाजूलाच भाऊ दाजी लाड संग्रहालय. बागेच्या वर्षीच, १८६२ ला, पायाभरणी झाली. पैसे उभे करण्यात नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी पुढे होते. पण मध्येच अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, मुंबईच्या कापसाचा भाव कोसळला आणि १८६५ साली शेअरबाजाराचा फुगा फुटला. वर्गणी देणारे स्वतःच बुडाले. रखडत रखडत १८७२ साली ते उघडलं. तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, १९७५ साली ते भाऊ दाजींचं झालं. भाऊ दाजी मूळचे मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. त्यांचे आईवडील गरीब होते आणि मातीच्या बाहुल्यांचा धंदा करायचे अशी जुनी नोंद आहे. आणि संग्रहालयात गेलात तर दिसतं काय? मातीच्या बाहुल्याच! मुंबईतल्या जातीजमातींच्या, धंद्यांच्या, पागोट्यांच्या छोट्या छोट्या प्रतिकृती. हा योगायोग मला फार आवडतो.

आत्या कपाटाच्या काचेला नाक लावून त्या बाहुल्या एकेक करून बघत होती. मग म्हणाली, "आपला मानूस कंचा?" मी शोधलं. नऊवारीतल्या बायका होत्या, नाना तऱ्हेच्या पगड्या होत्या, कारागीर होते. आमच्या पाड्यासारखं काही मला सापडलं नाही. घाईत नजरेतून सुटलंही असेल. आत्याला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. आमच्या मोखाड्याकडे बोहाड्याला देवांची सोंगं नाचतात, ते मुखवटे वर्षभर नीट जपून ठेवतात, त्यामुळे आकृती कपाटात ठेवायची असते हे तिला मुळीच नवं नव्हतं. फक्त तिचं म्हणणं, "हे मग नाचवतात कधी?" याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोर्टातलं म्युझियम. त्याबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण आम्ही तिघंही दमलो होतो. १९०५ साली पुढे पाचवा जॉर्ज झालेल्या युवराजाने पायाचा दगड बसवला, वास्तुकार जॉर्ज विटेट, १९१४ ला इमारत तयार झाली आणि तेवढ्यात पहिलं महायुद्ध. मग तिथे आधी लष्कराचं इस्पितळ निघालं आणि संग्रहालय म्हणून दार उघडलं ते १९२२ साली. १९९८ पासून ते छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. घुमटाखाली आत्या अर्धा तास नुसती बसून राहिली. गार वाटतं म्हणाली.

आता जे सांगायला बसलोय ते. संध्याकाळी मलबार हिलवर हँगिंग गार्डनला गेलो. समोर कमला नेहरू पार्क, १९५२ सालचा, त्यातला तो म्हातारीचा बूट मुलीला बघायचा होता. बूट झाला, चौपाटीकडे बघून झालं, मग रस्ता ओलांडून या बाजूला आलो. हिरवंगार गवत, प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं. आत्या गवतावर टेकली, हात फिरवला आणि म्हणाली, "एप्रिलात एवढं हिरवं? पानी कुठलं रं?"

मी म्हटलं, "आत्या, तू पाण्यावरच बसली आहेस."

हे काव्य नाही. ही बाग खरोखरच एका जलाशयाच्या छपरावर आहे. १८८० च्या दशकात मलबार हिलवर पिण्याच्या पाण्याची प्रचंड टाकी बांधली आणि झाकून वर बाग लावली. जवळच पारशांचं दोखमा आहे, पाणी अशुद्ध होऊ नये म्हणून झाकलं असं सांगतात. बागेला नाव फिरोजशहा मेहतांचं, मुंबईच्या महापालिकेवर ज्यांची अनेक वर्षं छाप होती त्यांचं. टाकीत साधारण पावणेपंधरा कोटी लिटर पाणी मावतं. २०२३ साली ती टाकी नव्याने बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा झाडं जाणार म्हणून आजूबाजूचे लोक उभे राहिले. तेव्हा कुठे अनेक मुंबईकरांनाही कळलं की पायाखाली काय आहे.

मुंबईच्या बागांचा इतिहास बघायला गेलं तर सगळीकडे हे पाणी निघतं. आधी हे शहर विहिरी आणि तलावांवर जगत होतं. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नावं त्याचीच. दोन्ही तलाव बुजले. गोवालिया टँकवर मैदान झालं, तेच १९४२ चं ऑगस्ट क्रांती मैदान. १८५० च्या दशकात पाऊस दगा देऊन गेला तेव्हा गुरं शहराबाहेर हलवावी लागली आणि बाहेरून पाणी आणून विहिरींत ओतावं लागलं. होय, मुंबईत! त्यानंतर हेन्री कोनीबेअर नावाच्या इंजिनियरच्या योजनेतून १८६० साली विहार तलाव झाला. आणि दोनच वर्षांनी राणीची बाग. मला हे दोन आकडे शेजारी ठेवले की बरंच काही कळतं. नळाला पाणी आल्याशिवाय कुठलं शहर गोरखचिंच लावायला जातं?

पुढे तुळशी १८७९, तानसा १८९२. तहान वाढत गेली तसं शहर पाण्यासाठी आत आत सरकत आलं. १९५७ ला मोडकसागर, १९७३ ला ऊर्ध्व वैतरणा, आणि २०१४ ला आमच्याच मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा, शंभर मीटरहून उंच भिंतीचं धरण. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही ठाण्यातून निघून पालघर जिल्ह्यात आलो. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तीन एकट्या वैतरणेवर आहेत, आणि तानसाही तिचीच उपनदी. सगळ्यात जास्त पाणी भातसाचं, हे खरं. पण सगळं एकत्र होतं. बागेखाली वैतरणेचे थेंब किती आणि भातसाचे किती हे कोण सांगणार!

आत्याला एवढं सगळं सांगितलं नाही. फक्त म्हटलं, परवा पुलावरून तू हात जोडलेस ना, तिचंच पाणी यात येतं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. तिचं उभं आयुष्य उन्हाळ्यात हंडे वाहण्यात गेलंय. आमच्याकडे पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो, मुंबईपेक्षा कमी नाही. पण डोंगर काळ्या कातळाचा, वरची माती पातळ, पाणी टिकत नाही. सगळं दरीत उतरतं. फेब्रुवारी-मार्चपासून विहिरी तळ गाठतात आणि मग टँकरची वाट बघायची. लोक म्हणतात धरण उशाशी आणि घसा कोरडा. ते खरंच आहे, पण त्यामागचं कारण मला त्या गवतावर बसून नीट उमगलं. धरणाचं पाणी शंभरेक किलोमीटर लांब मुंबईकडे जातं ते बहुतांशी उतारानेच. तेच पाणी दरीतून आमच्या पाड्यापर्यंत चढवायचं तर पंप हवा, वीज हवी, नळ हवा, आणि त्याचा खर्च करायला कुणाला तरी तसं वाटायला हवं. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईला तसं वाटलं, कारण तहानलेले लोक मुंबईतच होते आणि वर्गणी देणारे, पत्र लिहिणारे, ओरडणारेही तिथेच होते. मुंबईच्या लोकांवर माझा राग नाही. मी स्वतः तिथल्या नळाचं पाणी पंधरा वर्षं प्यायलोय.

"किती खोल हाय?" आत्याने शेवटी विचारलं. मला माहीत नव्हतं. तिने हाताने गवत थोडं बाजूला केलं, मातीला बोट लावून बघितलं, आणि "चल, पोरीला भूक लागली असल," म्हणून उठली.

परत आल्यावर आठवडाभराने पाड्यावर गेलो तर ती टँकरच्या रांगेत हंडा लावून बसली होती आणि भोवती चार-पाच बायका. मुंबईत काय बघितलं ते सांगणं चाललं होतं. हत्ती सांगून झाला, म्हाताऱ्या बाईचा बूट सांगून झाला, त्यावर हसून झालं. मग म्हणाली, "आन तिथं पान्याला घर बांधलंय. घरावर बाग लावलीय. मी बसून आले."

कुणाचा विश्वास बसला नाही. तिने मला हाक मारली, "ये रं, तू सांग यांना."