दात, दूध आणि पहिला घास

सतराव्या शतकातील लंडन शहरात दर आठवड्यास मृतांची एक यादी छापून निघत असे. गरीब वृद्ध स्त्रिया घरोघर जाऊन प्रेत पाहत, मृत्यूचे कारण विचारीत, आणि त्या जे सांगत ते यादीत उतरे. प्लेग, देवी, क्षय अशा परिचित नावांच्या रांगेत एक चमत्कारिक नाव तेथे नियमाने आढळते. ते नाव म्हणजे ‘दात’. दात येण्याच्या वयात दगावलेली तान्ही मुले ह्या सदरात मोडत. 1662 साली जॉन ग्रॉण्ट ह्या व्यापाऱ्याने वीस वर्षांच्या याद्या मांडून हिशेब केला. एकूण 2,29,250 मृत्यूंपैकी 71,124 मृत्यू दात, जंत, आकडी, मुडदूस अशा केवळ बालवयाच्या व्याधींखाली नोंदलेले त्याला आढळले. पुढे सरकारी नोंदणी सुरू झाली, डॉक्टरांची संख्या वाढली, तरी हे सदर मिटले नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1839 ह्या एका वर्षात 5,016 मृत्यू दात येण्यामुळे झाले, अशी अधिकृत नोंद आहे.

दात येण्याने मूल मरत नाही. मग ही हजारो मुले कशाने गेली?

उत्तर वयात आहे. सहाव्या महिन्याच्या सुमारास खालचे दोन पुढचे दात हिरडी फोडून वर येतात. त्याच सुमारास, आईच्या उदरात असताना मिळालेली रोगप्रतिकाराची शिदोरी सरत आलेली असते. मूल पालथे पडते, सरकते, हाताला लागेल ते तोंडात घालते. आणि मुख्य म्हणजे त्याच्या तोंडी दुधाखेरीज दुसरे अन्न पडू लागते. त्या काळच्या युरोपात हे अन्न म्हणजे पाण्यात किंवा शिळ्या दुधात भिजविलेल्या पावाचा लगदा असे. तो सकाळी करावा, दिवसभर तसाच ठेवावा आणि न धुतलेल्या भांड्यातून भरवावा, अशी रीत होती. हगवण लागली, ताप चढला, आकडी आली, की आईने मुलाच्या तोंडात बोट घालून पाहावे तो नवा दात हाताला लागे! घरात चोरी व्हावी आणि अंगणात नुकताच आलेला पाहुणा पकडला जावा, तसा हा न्याय झाला. दूषित पाणी डोळ्यांस दिसत नव्हते, दात मात्र दिसत होता.

भारतीय वैद्यांनीही दातावर हाच आरोप ठेवला होता. वाग्भटाचा ‘अष्टांगहृदय’ हा ग्रंथ सामान्यतः सातव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. त्याच्या उत्तरस्थानात दात फुटणे हे सर्वच रोगांचे कारण म्हणून सांगितले आहे. ज्वर, अतिसार, खोकला, वांती आणि मस्तकशूळ ह्यांचे तर विशेषच. येथपर्यंत वाग्भट आणि लंडनच्या त्या वृद्धा एकाच पंक्तीत बसतात. परंतु पुढे तो म्हणतो की, अशा आजारात बालकाला फार पथ्यपाण्यात जखडू नये, कारण दात वर आला म्हणजे ह्या पीडा आपोआप शमतात. हिरड्यांवर मधातून पिंपळीचे किंवा धायटीच्या फुलांचे चूर्ण चोळावे, एवढ्यावर तो बरेचसे भागवितो. निदान चुकले तरी उपचाराने मूल मरणार नाही, इतकी सावधगिरी त्यात आहे. वैद्यकाच्या इतिहासात ही गोष्ट सामान्य नव्हे.

दूध तोडण्याविषयीही त्याचे म्हणणे असेच सौम्य आहे. दात आलेल्या मुलाला क्रमाक्रमाने स्तनापासून दूर करावे, दुसरे दूध आणि हलके पण पुष्टिकर अन्न द्यावे, आणि त्याचे मन रमावे म्हणून चारोळी, ज्येष्ठमध, साळीच्या लाह्या, खडीसाखर व मध ह्यांचा लाडू करून द्यावा, असे तो सांगतो. (मधाचे तेवढे आज वर्ज्य आहे. त्यातील सूक्ष्म बीजाणूंपासून तान्ह्या मुलास बॉट्युलिझम हा घातक रोग होऊ शकतो. तान्ह्या मुलांतील ह्या रोगाची ओळख 1976 साली पटली; म्हणून वर्षाच्या आत मूल असेल तर मध देत नाहीत.) सुश्रुताने सहाव्या महिन्यात हलके व हितकर अन्न सांगितले. काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फळ आणि दहाव्या महिन्यात अन्न असा दुटप्पी क्रम आहे, आणि दात उगवण्याच्या विषयाला तेथे एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. शतकानुशतके लुप्त मानलेल्या ह्या संहितेचे खंडित हस्तलिखित नेपाळात सापडले आणि 1938 साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून ते ग्रंथरूपाने बाहेर पडले.

धर्मशास्त्राने ह्याच वेळेला संस्काराचे रूप दिले. आश्वलायन गृह्यसूत्रात आणि मनुस्मृतीत अन्नप्राशनाला सहावा महिना सांगितला आहे. मनूने कुळाच्या चालीलाही मोकळीक ठेवली आहे. महाराष्ट्रात ह्याला उष्टावण म्हणतात, बंगालात मुखेभात, केरळात चोरूणू. कोठे चांदीच्या वाटीतील खीर, कोठे देवळातील प्रसादाचा भात. पण मुलाच्या ओठाला पहिला घास लागण्याचा आनंद सर्वत्र सारखाच. मात्र संस्कार एका दिवसाचा असतो आणि अन्नाची सवय लागण्यास वर्ष लागते. उष्टावणाची वाटी दुसऱ्या दिवशी कपाटात गेली आणि मूल पुन्हा केवळ दुधावर राहिले, असे कितीतरी घरी होत आले आहे.

युरोपातील उपचारांत वाग्भटाचा सौम्यपणा नव्हता. सोळाव्या शतकात आम्ब्रवाझ पारे ह्या फ्रेंच शल्यचिकित्सकाने एका सरदाराच्या आठ महिन्यांच्या मृत बालकाच्या हिरड्या चिरून पाहिल्या. आत दात तयार होते. हिरडी वेळीच चिरली असती तर मूल वाचले असते, असे अनुमान त्याने काढले. पारे हा मोठा माणूस, त्यामुळे त्याची चूकही मोठी झाली. पुढील तीनशे वर्षे डॉक्टर रडणाऱ्या मुलांच्या हिरड्या निर्जंतुक न केलेल्या पात्याने चिरीत राहिले. पात्यानंतर पूड आली. कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा एक क्षार, घातलेल्या ‘दातांच्या पुड्या’ इंग्लंडात घरोघर विकल्या जाऊ लागल्या. ह्या पुड्या घेणाऱ्या काही मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलत, उजेड त्यांना सहन होत नसे, ती रात्रंदिवस तळमळत. आणि ज्या दातांसाठी पूड दिली ते दातच कधी कधी गळून पडत. ‘गुलाबी रोग’ म्हणून ह्या व्याधीवर प्रबंध लिहिले गेले. 1940 नंतरच्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी येथे योसेफ वारकानी व त्यांच्या सहकाऱ्याने अशा मुलांच्या मूत्रात पारा शोधून काढला. ब्रिटनमध्ये 1954 साली पुड्यांतून पारा काढला गेला, आणि थोड्याच काळात तो रोग जवळजवळ नाहीसा झाला.

अमेरिकेत 1849 पासून खपणाऱ्या ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ ह्या प्रसिद्ध औषधात मॉर्फिन असे. मुंबईत त्याचीच गरीब बहीण नांदत होती. ती म्हणजे बाळागोळी. गिरणीत कामाला जाणारी आई तान्ह्याला शेजारणीजवळ किंवा थोरल्या मुलीजवळ टाकून जाई. दिवसभर ते रडू नये म्हणून अफूची गोळी देई. गोळीने भूकही झोपे. जे मूल आठ-दहा महिन्यांचे, ज्याला दूध हवे आणि वर मऊ भातही हवा, त्याला दोन्ही मिळत नसे. मिळे ती गुंगी. 1920 नंतरच्या दशकात कामगार स्त्रियांची पाहणी करणाऱ्या एका स्त्री-डॉक्टरने ह्या चालीची भयानक व्याप्ती सरकारपुढे मांडली. त्या मातांना निष्ठुर म्हणणे सोपे आहे; पण गिरणीचा भोंगा मुलाच्या भुकेसाठी थांबत नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

दूध आणि अन्न ह्यांचा खरा संबंध उलगडण्यास विसावे शतक उजाडावे लागले. आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचे घाना, येथे सिसिली विल्यम्स ह्या डॉक्टरबाईंना अंगावर सूज आलेली, केस पिंगट झालेली, उदास मुले दिसू लागली. 1933 साली त्यांनी ह्या रोगाचे वर्णन केले आणि दोन वर्षांनी तेथील गा भाषेतलेच त्याचे नाव वैद्यकात आणले : क्वाशिओरकोर. पाठचे भावंड जन्मल्यावर थोरल्याला जडणारा आजार, असा त्या शब्दाचा आशय. बाईंनी हा शब्द मातांकडून घेतला. दात नव्हे, जंत नव्हेत. दूध तुटले आणि त्याच्या जागी केवळ मक्याची पेज आली, हे कारण त्या अशिक्षित बायांनी नावातच बांधून ठेवले होते.

भारतात कुन्नूर येथील, व पुढे हैदराबादेस हललेल्या, पोषण प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन ह्यांनी 1950 नंतरच्या दशकात गरीब मातांच्या दुधाचा अभ्यास केला. अर्धपोटी राहणाऱ्या ह्या स्त्रिया दीर्घकाळ अंगावर पाजतात, आणि वर्ष उलटल्यावरही ते दूध मुलाचा मोठा आधार असते, असे दिसून आले. मात्र सहा महिन्यांनंतर केवळ त्यावर वाढ पुरी होत नाही. अन्न दुधाच्या जागी नव्हे, दुधाच्या जोडीला हवे. जागतिक आरोग्य संघटनेनेही पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, आणि त्यानंतर वरच्या अन्नासह दोन वर्षे किंवा अधिक काळ स्तनपान, असाच क्रम सांगितला आहे.

दात आले की मूल चावते, म्हणून कडुलिंब किंवा कोरफड लावून दूध तोडण्याची चाल घरोघर होती. वास्तविक मूल मन लावून पीत असते तेव्हा त्याची जीभ खालच्या दातांवर आलेली असते. त्या स्थितीत त्याला चावता येत नाही. चावा येतो तो पोट भरल्यावर, खेळताना किंवा हिरडी शिवशिवत असताना. तेवढ्या वेळी त्याला अलगद बाजूला घेतले, थंड ओले फडके चघळायला दिले, तर तुटण्याइतके काही राहत नाही. ज्वर-अतिसाराचा जुना आरोपही तपासला गेला. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत 125 मुलांच्या 475 दातांची रोजनिशी ठेवली होती. लाळ, चावणे, हिरड्या चोळणे, थोडी किरकिर, अंग किंचित कोमट होणे, एवढेच दाताच्या माथी उरले. मोठा ताप आणि हगवण ह्यांतून तो सुटला. म्हणूनच दात येत आहेत असे म्हणून हगवणीकडे दुर्लक्ष करणे आजही घातक ठरते.

गिरणीतल्या आईचा प्रश्न मात्र औषधाने सुटणारा नव्हता. मुंबई प्रांतात 1929 साली प्रसूती-लाभाचा कायदा झाला. 1948 च्या कारखाने कायद्याने पाळणाघर आणि पाजण्यासाठी वेळ ह्यांची तरतूद केली. 1961 च्या मातृत्व-लाभ कायद्याने कामावर परतलेल्या आईला नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून दोनदा मुलाला पाजण्यासाठी सुटी दिली, आणि ही सवलत मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत ठेवली. त्या वयाला बहुतेक मुलांचे पुढचे दात आलेले असतात आणि पहिल्या दाढा फुटत असतात.