विखुरलेल्या उजेडाचा हिशेब



आपले मंडळ दरवर्षी २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन साजरा करते. कविता होतात, बटाटेवडे होतात, खुर्च्या आवरून सगळे घरी जातात. दुसऱ्या दिवसाची, म्हणजे २८ फेब्रुवारीची, आठवण मात्र कुणाला राहत नाही. भारतात १९८७ पासून तो राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो, कारण १९२८ साली त्या दिवशी सर सी. व्ही. रामन यांनी कलकत्त्यात आपला सुप्रसिद्ध शोध निश्चित केला. यंदा खुर्च्या आवरतानाच संपादकांनी आम्हाला गाठले आणि "तुम्ही केमिस्ट्रीवाले, दोन पाने द्या" असे फर्मावले. विषय आमच्या रोजच्या कामातला आहे. शिवाय त्याच्या इतिहासातली दोन पाने आपल्या या मिशिगनमध्येच लिहिली गेली आहेत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

सुरुवात मात्र बोटीवर होते. सप्टेंबर १९२१ मध्ये रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' बोटीने परतत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून त्यांना प्रश्न पडला. समुद्र निळा दिसतो तो आकाशाचे प्रतिबिंब पडल्यामुळे, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते. रामन यांच्याजवळ एक लहानसा निकोल प्रिझम होता. त्यातून विशिष्ट कोनात पाहिले की पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश कापला जातो. तसा तो कापल्यावरही समुद्र निळाच राहिला! म्हणजे पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरत होते. (पाणी लाल रंग थोडा शोषून घेते, त्याचाही यात मोठा वाटा आहे, हे आज आपल्याला माहीत आहे.) या विषयावर 'नेचर' साप्ताहिकाला त्यांनी जे टिपण पाठवले, त्यावर 'मुंबई बंदर, २६ सप्टेंबर' असा पत्ता आणि तारीख आहे.

पुढे कलकत्त्यात १९२३ साली त्यांचे विद्यार्थी के. आर. रामनाथन यांना पाण्यातून विखुरलेल्या प्रकाशात एक अंधुक, वेगळ्या रंगाचा उजेड दिसला. सर्वांना वाटले, पाण्यात काही मळ असेल आणि तो चमकत असेल. काही पदार्थ प्रकाश शोषून घेतात आणि क्षणभराने वेगळ्या रंगात परत देतात, त्याला फ्लुओरेसन्स म्हणतात. पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध केले, तरी तो उजेड जाईना. शेवटी १९२८ साली रामन आणि के. एस. कृष्णन यांनी दाखवून दिले की हा फ्लुओरेसन्स नव्हे, हे प्रकाशाचे नवेच विखुरणे आहे. १९३० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. वाचकहो, हा 'मळ की शोध' प्रश्न लक्षात ठेवा. तो शेवटी पुन्हा आपल्या दारात येणार आहे.

आता आपल्या मंडळाचा जुना स्पीकर आठवा. आवाज बेताचा असेल तोवर गाणे जसेच्या तसे ऐकू येते. बटण जास्त फिरवले की आवाज फाटतो. फाटतो म्हणजे मूळ सुरात नसलेले वरचे सूर त्यात मिसळतात. प्रकाशाचेही तसेच आहे. मंद प्रकाशात रेणूतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर डोलतात आणि त्याच वारंवारतेचा प्रकाश परत देतात. प्रकाश फार तीव्र झाला की त्यांचे डोलणे वेडेवाकडे होते आणि दुप्पट वारंवारतेचा प्रकाशही थोडासा निघतो. गाणाऱ्यांच्या भाषेत सांगायचे तर 'सा' दिला आणि त्याबरोबर तार सप्तकातला 'सा'ही उमटला. यालाच अरेषीय गुणधर्म म्हणतात. एखादा रेणू हे किती प्रमाणात करतो त्या आकड्याला आम्ही 'बीटा' म्हणतो. मात्र त्यासाठी रेणू थोडा लहरी हवा. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी डोलणारा. दोन्ही बाजूंना अगदी सारखाच डोलणारा रेणू दुप्पट सूर देत नाही.

इतका तीव्र प्रकाश १९६० साली लेसर आल्यावर मिळू लागला. १९६१ साली इथे ॲन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात, पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी रूबी लेसरचा ६९४ नॅनोमीटरचा लाल प्रकाश क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाठवला आणि ३४७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश मिळवला. फोटोच्या काचेवर त्याचा बारीकसा ठिपका उमटला. गंमत अशी की हा लेख छापताना तो ठिपका कचऱ्याचा डाग समजून पुसला गेला! छापील पानावर बाण आहे, पण त्याच्या टोकाशी काहीच नाही.

दुसरे पान डिअरबॉर्नचे. आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल फोर्ड कंपनीवर चालली आहे. त्याच फोर्डच्या संशोधन प्रयोगशाळेत १९६५ साली टरह्यून, मेकर आणि सॅव्हेज या तिघांनी स्फटिकाऐवजी पाणी, कार्बन टेट्राक्लोराइड असे साधे द्रव घेतले आणि लेसरच्या झोतातून बाजूला विखुरलेल्या प्रकाशात दुप्पट वारंवारतेचा अतिशय क्षीण उजेड टिपला. यालाच पुढे हायपर-रॅले विकिरण असे नाव पडले.

इथे एक शंका येईल. द्रवात रेणू सगळीकडे तोंडे करून असतात, मग एकाचा सूर दुसऱ्याने मारला जाणार नाही का? बराचसा जातो, पण सगळा नाही. आरतीच्या टाळ्या घ्या. सगळ्यांनी एका तालात वाजवल्या तर सभागृह दणाणते. प्रत्येकाने आपापल्या तालात वाजवल्या तर ठेका धरता येत नाही, पण गलका तर ऐकू येतोच! आणि माणसे किती हे ठाऊक असेल, तर गलक्यावरून एकेकाची टाळी सरासरी किती जोराची हे काढता येते. विखुरलेल्या प्रकाशावरून बीटा काढतात तो असा.

तरीही ही पद्धत सव्वीस वर्षे जवळजवळ पडून राहिली, कारण उजेड फारच कमी होता. त्या काळात बीटा मोजायचा तर द्रावणाला हजारो व्होल्टचे विद्युत क्षेत्र देऊन रेणूंना कवायतीसारखे एका दिशेला वळवत. या कवायतीत दोन प्रकारचे रेणू येऊच शकत नसत. एक म्हणजे विद्युतभारित आयन, कारण द्रावणातून वीज वाहू लागते. दुसरे म्हणजे ज्यांना धन आणि ऋण अशी टोकेच नाहीत ते, कारण त्यांना धरून वळवणार कशाने?

१९९१ साली बेल्जियममधील लूव्हन येथे कून क्लेज आणि आंद्रे पर्सून्स यांनी ही अडगळीतली पद्धत बाहेर काढली. निओडिमियम लेसरचा १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाश द्रावणात सोडायचा आणि बाजूने ५३२ नॅनोमीटरचा हिरवा उजेड मोजायचा. विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण बदलत गेले की उजेड किती वाढतो ते पाहायचे आणि द्रावकाशीच तुलना करून बीटा काढायचा. कवायत नको, स्फटिक नको.

या पद्धतीने ज्यांना न्याय मिळाला त्यांतला एक रेणू आपल्या सर्वांच्या घरातला आहे. लहानपणी तोंड आले किंवा गुडघा फुटला की आजी जांभळे औषध लावायची, ते जेन्शन व्हायोलेट आठवते? त्याचेच शास्त्रीय नाव क्रिस्टल व्हायोलेट. त्याचा रेणू आपल्याकडच्या छताच्या पंख्यासारखा, तीन सारख्या पात्यांचा. तो विद्युतभारित आहे आणि त्याला टोकेही नाहीत, म्हणजे कवायतीला दोन्ही कारणांनी नालायक! फ्रान्समध्ये जोसेफ झिस आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली त्याच्यावरची हायपर-रॅले मोजमापे प्रसिद्ध केली. अशा तीन पात्यांच्या रेणूंचेही बीटा मोठे असू शकते हे त्यातून दिसले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, जिथे रामन १९३३ साली संचालक झाले, तिथेही पुष्पेंदु दास यांच्या गटाने १९९०च्या दशकात हीच पद्धत वापरली.

आणि आता तो जुना प्रश्न. १९९५ साली हॉलंडमधील संशोधकांनी एक लेख लिहिला आणि तो सावधगिरीचा इशारा आहे असे शीर्षकातच म्हटले. काही रेणू लेसरचे दोन फोटॉन एकदम गिळतात आणि मग फ्लुओरेसन्सने चमकतात. त्या चमकेचा काही भाग नेमका हिरव्या ५३२लाच पडतो. उपकरणाला फरक कळत नाही, आणि बीटा फुगतो! कलकत्त्यात विखुरण्याला फ्लुओरेसन्स समजले गेले होते, इथे फ्लुओरेसन्सला विखुरणे समजले जात होते. उपाय निघाले. विखुरलेला उजेड ५३२च्या आसपास अरुंद रेषेत येतो, तर फ्लुओरेसन्स पसरट असतो. विखुरणे तत्क्षणी होते, तर फ्लुओरेसन्स सेकंदाच्या अब्जांशांच्या हिशेबात का होईना, उशिरा येतो. पुढच्या काही वर्षांत हॉलंड आणि लूव्हनच्या मंडळींनी या उशिराचा उपयोग करून दोन्ही वेगळे करून दाखवले.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो, पण समजले स्वतःवर आले तेव्हा. डॉक्टरेटच्या तिसऱ्या वर्षी आमच्या एका रेणूचा बीटा असा काही आला की आम्ही रात्रभर झोपलो नाही. पोस्टर छापून तयार झाले. मग शंका आली म्हणून ५३२च्या अलीकडे-पलीकडे मोजून पाहिले, तर आमची सुंदर रेषा एका रुंद टेकाडावर बसलेली! टेकाड वजा केल्यावर आकडा सहाव्या हिश्श्यावर आला. पोस्टर फाडले. व्हिसाची मुदत, मार्गदर्शकांचा चेहरा, घरच्यांच्या अपेक्षा, सगळे एकदम डोळ्यांसमोर आले. त्या रात्री सांगलीला फोन केला. बाबा आयुष्यभर बँकेत होते. सगळे ऐकून ते म्हणाले, "अरे, ताळेबंद जुळला ना? मग रक्कम लहान असली तरी चालते. न जुळलेली मोठी रक्कम झोप घालवते." तो लहान आकडाच आमच्या प्रबंधात छापलेला आहे, आणि आजही तो कुणी मोजला तर तेवढाच येईल.

म्हणून या इतिहासाकडे पाहताना आम्हाला नोबेलपेक्षा तो पुसलेला ठिपका आणि पुन्हा पुन्हा शुद्ध केलेले पाणी जास्त आठवते. मळ कोणता आणि शोध कोणता हे उजेड स्वतः सांगत नाही. ते कुणीतरी चिकाटीने तपासावे लागते, कधी आपल्याला हवे त्याच्या उलट उत्तर येईल या तयारीने.

जाता जाता मुलांसाठी एक प्रयोग. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाका, दिवे मालवा आणि एका बाजूने टॉर्च लावा. बाजूने पाहिले तर पाणी निळसर दिसेल, समोरून टॉर्चकडे पाहिले तर पिवळसर. आकाशाची निळाई आणि सूर्यास्ताची लाली तुमच्या ओट्यावर! पुढच्या वर्षी २७ फेब्रुवारीला खुर्च्या आवरण्याआधी हा प्रयोग सभागृहातच करू. दूध आम्ही आणू, टॉर्च तुम्ही आणा.