आधी कुठं वाळलं?

सारवलेली जमीन चुलीपाशी आधी वाळते. संधिवाताचा गुडघा पडद्यावर लाल-पिवळा दाखवणाऱ्या उष्णता-कॅमेऱ्याची कुळी मी तिथूनच लावतो.

पुस्तकं ती 1800पासून लावतात. विल्यम हर्षलनं प्रिझममधून पडलेल्या रंगपट्ट्याच्या तांबड्या टोकापलीकडे थर्मामीटर ठेवला, पारा चढला, अवरक्त किरण सापडले. कबूल. पण थर्मामीटर आकडा देतो, चित्र नाही.

चित्राची युक्ती फार जुनी. हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रीक वैद्यकग्रंथांत छातीत पू झालेल्या रोग्यासाठी एक तोडगा आहे: इरेट्रियाची माती बारीक करून कोमट कालवावी, तीत तलम कापड भिजवून छातीला गुंडाळावं आणि आधी वाळेल तिथं चीर द्यावी.

आता 1840. विल्यमचा मुलगा जॉन पातळ कागदाला काजळी फासतो, अल्कोहोलनं भिजवतो आणि त्यावर उन्हाचा रंगपट्टा पाडतो. उष्ण किरण पडतात तेवढाच भाग आधी वाळतो आणि न दिसणारी उष्णता कागदावर उमटते. या चित्राला त्यानं नाव दिलं ‘थर्मोग्राफ’. मातीच्या जागी काजळी आली, कापडाच्या जागी कागद, प्रश्न तोच. योगायोग म्हणणारे खुशाल म्हणोत. लेखी पुरावा माझ्या हाती नाही, पण हा गृहस्थ ग्रीकमध्ये इतका मुरलेला की उतारवयात त्यानं अख्खं ‘इलियड’ इंग्रजी पद्यात आणलं. त्याच्या नजरेतून ती माती सुटली असेल, हे मला पटत नाही.

पुढचं भराभर. विसाव्या शतकात कॅमेरे आले. विल्यमनं ज्या बाथ गावात युरेनस शोधला, तिथल्याच संधिवात रुग्णालयात कॉलिन्स, रिंग आणि सहकाऱ्यांनी 1974मध्ये सांध्याच्या उष्णतेचा निर्देशांक मांडला. रोग्यानं गार खोलीत गुडघे उघडे टाकून बसायचं, त्वचा स्थिरावली की चित्र घ्यायचं, मग कुठला भाग किती तापलाय आणि तो केवढा पसरलाय याचा हिशेब. आमवातात सांध्याचं अस्तर सुजतं, तिथं रक्त जास्त धावतं, म्हणून वरची कातडी तापते. ‘अवरक्त’मधल्या ‘रक्त’चा अर्थ तांबडा, पण इथं दुसरा अर्थही चपखल बसतो!

एवढं होऊनही आमवात ठरवण्याच्या 2010च्या आंतरराष्ट्रीय निकषांत किती सांधे धरलेत, रक्ततपासणी काय सांगते आणि दुखणं किती आठवड्यांचं, एवढंच विचारतात. सांधा किती तापलाय, याला एकही गुण नाही.