प्लाझ्मा अँटेना-व्यूह

धातूच्या सळ्यांऐवजी आयनीभूत वायूच्या नळ्या वापरणारी, आणि कोणताही भाग प्रत्यक्ष न फिरवता रेडिओ झोताची दिशा विद्युतीय नियंत्रणाने बदलणारी अँटेनांची रचना. काचेच्या नळीतील आर्गॉन, निऑन यांसारखा कमी दाबाचा वायू विद्युत् ऊर्जेने आयनीभूत केला की त्यातील मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे तो संवाहक बनतो; अशा आयनीभूत वायूलाच प्लाझ्मा म्हणतात. ऊर्जा थांबवली की उरते फक्त काचेची नळी. ती रडारचे तरंग धातूच्या तुलनेत फारच कमी परावर्तित करते.

तत्त्व : प्रत्येक प्लाझ्माला स्वतःची प्लाझ्मा-कंप्रता असते. तिच्याहून बऱ्याच कमी कंप्रतेच्या तरंगांशी तो धातूसारखा वागतो, तर जास्त कंप्रतेचे तरंग त्यातून पार होतात. ही कंप्रता इलेक्ट्रॉन घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. दर घन सेंमी.मध्ये १,००० कोटी इलेक्ट्रॉन असल्यास ती सुमारे ०.९ गिगाहर्ट्‌झ भरते. १ लाख कोटी असल्यास सुमारे ९ गिगाहर्ट्‌झ. म्हणजे कंप्रता दहापट करायची तर घनता शंभरपट लागते. अभिकल्पाची सुरुवात त्यामुळे घनता ठरवण्यापासून होते. नळीचा व्यास, वायूचा दाब व विद्युत् पुरवठा त्यानुसार निवडतात.

झोताचे दिग्नियंत्रण : याच्या तीन पद्धती आहेत. (१) कलांतर : लगतच्या घटकांना ठरावीक कलांतराने संदेश पुरवतात. घटकांतील अंतर अर्धी तरंगलांबी असेल, तर ९०° कलांतराने झोत ३०° वळतो. अंतर फार वाढवल्यास नको त्या दिशेलाही प्रबळ झोत निघतो. (२) प्लाझ्मा खिडकी : मधल्या अँटेनाभोवती नळ्यांचे कडे उभारतात. सर्व नळ्या पेटलेल्या असताना तरंग आत कोंडले जातात; एखादी नळी विझवली की तेथून झोत बाहेर पडतो. विझवायची नळी बदलत गेल्यास झोत चौफेर फिरतो. नळ्यांमधील फटी तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान असाव्या लागतात. (३) अपवर्तन : पारदर्शक अवस्थेतील प्लाझ्माची घनता एका बाजूकडून दुसरीकडे बदलती ठेवल्यास झोत विरळ भागाकडे वळतो.

इतिहास : आयनीभूत वायूचा अँटेनासारखा वापर करण्याचे एकस्व अमेरिकेत जे. हेटिंगर यांना १९१९ मध्ये मिळाले. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत प्लाझ्माच्या पातळ पडद्याचा आरशासारखा वापर करून सूक्ष्मतरंग परावर्तित करण्याचे प्रयोग झाले. त्याच दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत जेरार्ड बोर्ग व सहकाऱ्यांनी पृष्ठतरंगाने नळी एकाच टोकाकडून प्रज्वलित करून दाखवली. दुसऱ्या टोकाला तार जोडण्याची गरज उरली नाही. इगॉर अलेक्सेफ व थिओडोर अँडरसन यांनी प्लाझ्मा खिडकीवर काम केले. भारतात गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत अशा अँटेनांवर संशोधन झाले आहे. सिलिकॉनमध्ये डायोडांनी इलेक्ट्रॉनांचे दाट ढग निर्माण करून झोत वळवणारी, वायुविरहित रचनाही विकसित झाली आहे.

मर्यादा : इलेक्ट्रॉन व वायूचे कण यांच्या टकरींत ऊर्जा वाया जाते आणि गोंगाट वाढतो. काच ठिसूळ असते, तर प्लाझ्मा टिकवायला वेगळी शक्ती खर्चावी लागते. नळी पेटते त्यापेक्षा सावकाश विझते. त्यामुळे खिडकी-पद्धतीत झोत फिरण्याचा वेग विझण्याच्या काळावर अवलंबून राहतो. हीच सावकाशी वीज मात्र वाचवते : सतत पुरवठ्याऐवजी आखूड स्पंद देऊनही घनता टिकवता येते.