रुबी संकेतस्थळांतील आवृत्त्यांचा संघर्ष आणि त्याची सोडवणूक

अंधेरीच्या सीप्झपासून घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवलीतील छोट्या कार्यालयांपर्यंत मुंबईच्या उपनगरांत सॉफ्टवेअर व्यवसाय पसरला आहे. त्यातील बराचसा भाग नवे काही लिहिण्याचा नसून आधी कोणीतरी लिहिलेले सांभाळण्याचा असतो. पाच-दहा वर्षांपूर्वीचे एखादे संकेतस्थळ हाती येते. त्यात एक लहानशी सुधारणा करायची असते आणि पहिल्याच दिवशी संगणक कळवतो, की या लायब्ररीला हवी असलेली आवृत्ती त्या लायब्ररीला चालत नाही. 'रुबी' भाषेत आणि 'रुबी ऑन रेल्स' या चौकटीवर उभारलेल्या संकेतस्थळांत हा प्रसंग वारंवार येतो. त्यालाच आवृत्त्यांचा संघर्ष म्हणतात. तो का उद्भवतो आणि शिस्तीने कसा सोडवावा, हे समजून घेणे प्रोग्रामरइतकेच संकेतस्थळाच्या मालकालाही उपयोगाचे आहे.

जेम आणि तिचे वचन

जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी रुबी ही भाषा १९९५ मध्ये जगापुढे आणली. डेव्हिड हाइनमायर हान्सन यांनी तयार केलेली रेल्स ही चौकट २००४ मध्ये खुली झाली. त्याच वर्षी 'रुबीजेम्स' ही व्यवस्थाही प्रसिद्ध झाली. इतरांनी लिहिलेली आणि पुन्हा वापरता येणारी आज्ञावली ज्या गठ्ठ्यात मिळते, त्याला रुबीत 'जेम' म्हणतात. प्रवेशाची ओळख पटवणे, छायाचित्रे लहान करणे, ई-मेल पाठवणे अशा प्रत्येक कामासाठी जेम उपलब्ध असते. मध्यम आकाराच्या संकेतस्थळात अशा शंभरांहून अधिक जेम सहज असतात. त्यांपैकी मोजक्याच प्रोग्रामरने स्वतः निवडलेल्या असतात. बाकीच्या, निवडलेल्या जेमना लागतात म्हणून पाठोपाठ येतात.

प्रत्येक जेमला आवृत्तीचा क्रमांक असतो व तो बहुधा तीन भागांचा असतो. ३.२.११ या क्रमांकातील शेवटचा भाग वाढला तर केवळ दुरुस्ती झाली, मधला वाढला तर नवी सोय आली आणि पहिला वाढला तर जुनी आज्ञावली मोडू शकेल असा बदल झाला, असा संकेत आहे. या क्रमांकाच्या आधारे एक जेम दुसरीबद्दल आपली अट मांडते. रुबीत त्यासाठी '~>' हे चिन्ह वापरतात. '~> १.०.०' याचा अर्थ १.०.० किंवा त्यापुढची, पण १.१ च्या आतली आवृत्ती. '~> १.०' याचा अर्थ १.० पासून पुढे, पण २ च्या आत. एका शून्याच्या फरकाने अट किती सैल होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आवृत्तीचा क्रमांक हे लेखकाने दिलेले वचन असते, संगणकाने तपासलेले सत्य नव्हे. रेल्ससारख्या काही प्रकल्पांत मधला भाग बदलतानाही जुन्या सोयी काढून टाकल्या जातात. त्यामुळे क्रमांक जुळला म्हणजे आज्ञावली जुळलीच, असे मानून चालत नाही.

एका वेळी एकच आवृत्ती

'नोड' या जावास्क्रिप्टच्या व्यवस्थेत एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या एकाच कार्यक्रमात शेजारी शेजारी नांदू शकतात. रुबीत तसे होत नाही. रुबीतील वर्गांची नावे संपूर्ण कार्यक्रमाला सामायिक असतात आणि एका जेमची एकच आवृत्ती कार्यान्वित करता येते. म्हणून 'अ' या जेमला 'क'ची २ च्या आतली आवृत्ती हवी असेल व 'ब'ला २ च्या पुढची, तर दोघींना एकत्र ठेवण्याचा मार्गच उरत नाही.

रेल्सच्या सुरुवातीच्या काळात या गोष्टीचा चटका अनेकांनी अनुभवला. रेल्स २.३.५ ला 'रॅक' या जेमची १.०.० मालिकेतील आवृत्ती लागत असे. दुसऱ्या एखाद्या जेमने त्याआधीच १.१.० कार्यान्वित केलेली असली, की संकेतस्थळ सुरूच होत नसे. मे २०११ मध्ये 'रेक' या साधनाची ०.९ आवृत्ती आली, तेव्हाही ०.८.७ वर विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांत असाच गोंधळ उडाला.

बंडलरचा तोडगा

येहुदा कॅट्झ आणि कार्ल लर्च यांनी सुरू केलेल्या 'बंडलर'ची १.० आवृत्ती ऑगस्ट २०१० मध्ये, रेल्स ३.० बरोबरच आली आणि या समस्येचे स्वरूप पालटले. बंडलरमध्ये दोन फायली महत्त्वाच्या असतात. 'जेमफाइल' या फायलीत प्रोग्रामर आपल्या गरजा लिहितो. बंडलर सर्व जेमच्या अटी एकत्र मांडून प्रत्येकीची एकेक आवृत्ती निश्चित करतो आणि ती यादी 'जेमफाइल लॉक' या दुसऱ्या फायलीत नोंदवतो. पहिली फाइल इच्छा सांगते, दुसरी निर्णय. लॉक फाइल प्रकल्पाबरोबर जपून ठेवली, तर अंधेरीतील संगणकावर आणि परदेशातील सर्व्हरवर त्याच आवृत्त्या बसतात.

'बंडल एक्झेक' ही आज्ञा नेमके हेच साधते. संगणकावर इतर आवृत्त्या असल्या तरी लॉक फाइलमधील आवृत्त्याच वापराव्यात, असे ती बजावते. रेकच्या गोंधळात अनेकांची सुटका याच आज्ञेने झाली.

अटींचे असे कोडे सोडवणे गणिती दृष्ट्या अवघड आहे. जेम वाढत जातात तशी शक्यतांची संख्या झपाट्याने फुगते. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या बंडलर २.४ पासून यासाठी 'पबग्रब' ही पद्धत वापरली जाते. मूळची 'डार्ट' भाषेसाठी तयार झालेली ही पद्धत उत्तर सापडले नाही, तर ते का सापडले नाही याची कारणमीमांसाही देते.

संदेश कसा वाचावा

संघर्षाचा संदेश लांबलचक असला तरी त्यात तीनच गोष्टी शोधायच्या असतात. वाद कोणत्या जेमवरून आहे, परस्परविरोधी अटी कोणी घातल्या आहेत, आणि त्यांतील एखादी अट आपल्याच जेमफाइलमधील आहे काय. पुष्कळदा दोषी अट प्रकल्पातच सापडते. पूर्वी कोणीतरी एखादी अडचण टाळण्यासाठी नेमका क्रमांक लिहून ठेवलेला असतो आणि त्याचे कारण कोणालाच आठवत नसते. रुबीच्या आवृत्तीकडेही पाहावे, कारण प्रत्येक जेम आपल्याला कोणती रुबी चालते हेही सांगू शकते.

त्यानंतरचे उपाय पुढील क्रमाने योजावेत.

१. आपल्या जेमफाइलमधील अट विनाकारण कडक असेल तर ती सैल करावी.

२. अट घालणाऱ्या जेमची नवी आवृत्ती पाहावी. तिच्या लेखकाने मर्यादा वाढवलेली असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी 'बंडल अपडेट'पुढे त्या एकाच जेमचे नाव लिहावे. नाव न लिहिल्यास सगळ्याच जेम एकदम बदलतात.

३. जेम सांभाळणारे कोणी उरले नसेल, तर तिला पर्याय शोधावा किंवा तिची प्रत घेऊन त्यातील अट स्वतः बदलावी. प्रत घेतली की तिची देखभाल आपल्यावर येते, याचे भान ठेवावे.

४. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर ते काम स्वतंत्र कार्यक्रमात हलवावे. घाटकोपर आणि अंधेरी येथे मेट्रो व लोकल यांच्या रुळांची रुंदी वेगळी आहे. एकीचे डबे दुसरीच्या रुळांवर जात नाहीत, प्रवासी मात्र पुलावरून ये-जा करतात. दोन कार्यक्रमांतही अशीच माहितीची देवाणघेवाण ठेवता येते.

लॉक फाइल पुसून सगळे नव्याने बसवणे हा उपाय मात्र टाळावा. संघर्षाचा संदेश त्याने कधी कधी नाहीसा होतो, पण त्याच वेळी पन्नास-साठ जेम एकदम बदलतात. पुढे काही बिघडले, तर ते कशामुळे बिघडले हे शोधणे जवळपास अशक्य होते.

तारा बदलण्याआधी गाड्या

रेल्सचीच मोठी आवृत्ती बदलायची असते तेव्हा एकेक संघर्ष सोडवणे पुरत नाही, पूर्वतयारी लागते. तिचे उत्तम उदाहरण उपनगरी रेल्वेत आहे. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेवरची पहिली गाडी धावली ती १,५०० व्होल्ट डीसी, अर्थात एकदिश प्रवाहावर. पुढे देशभर २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह रूढ झाला आणि मुंबईलाही तो स्वीकारावा लागला. जुन्या गाड्या नव्या तारेखाली चालणाऱ्या नव्हत्या आणि लाखो प्रवाशांची वाहतूक बंद ठेवणे शक्य नव्हते. म्हणून दोन्ही प्रवाहांवर धावणाऱ्या गाड्या आणल्या गेल्या. २००७ पासून अशा नव्या गाड्या सेवेत येऊ लागल्या आणि मार्गांवरील प्रवाह टप्प्याटप्प्याने बदलला. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बर मार्गावर २०१६ मध्ये पूर्ण झाले.

रेल्सच्या बदलातही हाच क्रम उपयोगी पडतो. रेल्सला हात लावण्यापूर्वी प्रत्येक जेम अशा आवृत्तीवर आणावी, जी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही रेल्सवर चालते. असा प्रत्येक बदल छोटा असतो आणि तो लगेच प्रत्यक्ष वापरात नेता येतो. त्यानंतर काही काळ प्रकल्प दोन्ही रेल्सवर चालवून चाचण्या घ्याव्यात व शेवटी जुनी रेल्स काढून टाकावी. 'गिटहब' या संकेतस्थळाने रेल्स ३.२ वरून ५.२ वर येताना हाच मार्ग धरला. सुमारे दीड वर्षाचे ते काम २०१८ मध्ये संपले.

चालढकलीची किंमत

संघर्ष टाळण्यासाठी सगळ्या आवृत्त्या गोठवून ठेवणे काही काळ सोयीचे वाटते. त्याची किंमत जानेवारी २०१३ मध्ये दिसली. रेल्सच्या त्या वेळच्या जवळपास सर्व आवृत्त्यांत असा दोष उघड झाला, की बाहेरच्या व्यक्तीला सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येत होती. ३.२.११, ३.१.१०, ३.०.१९ आणि २.३.१५ या दुरुस्त आवृत्त्या लगेच प्रसिद्ध झाल्या. नेदरलँड्स सरकारने नागरिकांच्या ओळखीसाठी वापरली जाणारी 'डिजिडी' ही सेवा खबरदारी म्हणून काही काळ बंद ठेवली. त्याच महिन्याच्या अखेरीस खुद्द जेम वितरित करणाऱ्या रुबीजेम्सच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली. नियमितपणे आवृत्त्या वाढवणाऱ्यांना ही दुरुस्ती फारशी जड नव्हती. गुंत्यात अडकलेल्यांना मात्र आधी गुंता सोडवणे भाग होते, आणि तेवढा वेळ दार उघडेच होते.

गोठवलेली यादी कायम टिकते असेही नाही. मार्च २०२१ मध्ये परवान्याच्या प्रश्नावरून 'माइममॅजिक' या जेमच्या जुन्या आवृत्त्या मागे घेण्यात आल्या आणि त्यांवर विसंबलेल्या प्रकल्पांत 'बंडल इन्स्टॉल' चालेना. काही दिवसांतच रेल्सने तिच्यावरचे अवलंबन काढून टाकले. जानेवारी २०२५ मध्ये 'कन्करंट-रुबी'ची १.३.५ आवृत्ती आली आणि रेल्स ७.० व त्याआधीच्या आवृत्त्यांवरील अनेक प्रकल्प सुरू होईनात. सर्व अटी पाळल्या जात होत्या, बंडलरची तक्रार नव्हती, तरी आज्ञावली मोडली. १.३.४ वर थांबणे हा तात्पुरता उपाय ठरला. असा क्रमांक अडवून ठेवताना जेमफाइलमध्ये शेजारीच कारण व तारीख लिहावी, म्हणजे पुढच्या माणसाला तो कधी सोडवायचा हे कळते.

ठरावीक दिवशी 'बंडल आउटडेटेड' चालवून मागे पडलेल्या जेमची यादी पाहणे, 'बंडलर-ऑडिट'ने ज्ञात सुरक्षादोष तपासणे, एका वेळी एक-दोन जेम वाढवून चाचण्या घेणे आणि प्रत्येक बदलानंतर लॉक फाइल जतन करणे, एवढी शिस्त बहुतेक प्रकल्पांना पुरते. संकेतस्थळ सांभाळण्याचा करार करतानाच या कामाचे तास वेगळे धरावेत. ते धरले नाहीत, तर एखाद्या तातडीच्या दुरुस्तीच्या दिवशी ते ग्राहकाकडून आणि प्रोग्रामरकडून एकदम वसूल होतात.